अप्पांना खुर्ची पाहिजे

चन्नप्पांना कुणी "बसा" म्हटलं की ते आधी खुर्ची उलटी करत.

अप्पांच्या भाचीसाठी स्थळ बघायला आम्ही शिरूर अनंतपाळला गेलो होतो. मुलाच्या वडिलांनी मोठ्या मानानं खुर्ची पुढं सरकवली. अप्पांनी ती उचलली, पालथी घातली, धोतर सावरून तिच्यापुढं उकिडवे बसले आणि खालच्या सांध्यांतून बोट फिरवलं. आतल्या दाराआड बायकांची कुजबुज थांबली. मग अप्पा माझ्या कानाशी आले आणि अख्ख्या बैठकीला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "सर, खिळा हाय."

ते स्थळ जमलं नाही, हे सांगायला नकोच.

मी लातूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो आणि अप्पांच्या शेजारच्या घरात भाड्यानं राहायचो. अप्पांची धान्याची आडत होती. माणूस ताडमाड, दारातून आत येताना मान वाकवणारा. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, आवाज हलगीचा. आणि डोक्यात एकच खूळ: घरासाठी जुन्या, अस्सल चिनी खुर्च्यांची जोडी घ्यायची. हातांच्या, पाठीच्या, ऐसपैस. लातुरात! जिथं बाजेवर बसून माणसाचं आयुष्य आरामात जातं!

हे खूळ आलं कुठून? लहानपणी अप्पा वडिलांबरोबर हैदराबादला एका जहागीरदाराच्या देवडीत, म्हणजे त्याच्या वाड्यात, जात. पोर म्हणून त्यांना जनान्यात सोडत. तिथं बेगमसाहेबांची खुर्ची होती. "काळंभोर लाकूड, सर. खिळा म्हणून न्हाई. लाकडात लाकूड बसवलेलं, सांध्यात केस जायचा न्हाई. बेगमसाहेब बाई एवढुशी. पण पुढं आडवी दांडी, तिच्यावर पाय. राणी दिसायची, राणी!" हे सांगताना अप्पांचे डोळे असे व्हायचे की समोर देवडी उभी आहे.

तेव्हापासून खिळा म्हणजे जगातली सगळ्यात हलकी वस्तू. ज्याला खिळा लागतो ते मुळात जमलेलंच नसतं, असा त्यांचा सिद्धान्त. पुढे तो खुर्चीवरून माणसांवर घसरला. पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले की "खिळा हाय". जावई फार गोड बोलायला लागला की "खिळा हाय". माझं एक चित्र बघून म्हणाले, "घोडा झकास हाय सर, मानेत तेवढा खिळा हाय." मला असा राग आला! घरी येऊन बघतो तर मान खरंच चुकली होती.

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्का अप्पांच्या कोपरालासुद्धा लागत नसत, पण जीभ उंच. "चिनी मातीची खुर्ची आणायलेत म्हणं! त्यापरीस बरणी आणा, लोणचं तरी घालीन मी." अप्पांनी किती वेळा समजावलं, चिनी म्हणजे चीन देशाची, मातीची न्हाई, लाकडाची हाय. अक्कांनी ऐकलं नाही. किंवा ऐकलं आणि सोडलं नाही.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला आणि त्याच्या मागोमाग दुष्काळ आला. आडतीत माल येईना, तराजू टांगलेला तसाच. टँकर आला की अख्खी गल्ली पळायची. घरात माणसं असूनही अक्का स्वतः घागर घेऊन रांगेत उभ्या राहत. "गडीमाणसं निम्मं सांडून आणत्यात" म्हणत. त्यात त्यांचे गुडघे गेले. जमिनीवरून उठायचं तर दोघींनी धरावं लागे. डॉक्टरांनी बजावलं, खाली बसायचं नाही, खुर्चीवर बसायचं. अक्का म्हणाल्या, "न्हाई बसत." का, ते सांगेनात. मी माझ्या घरची खुर्ची नेऊन ठेवली, तिच्यावर त्यांनी वाळवणाचं सूप ठेवलं आणि आपण कण्हत पाटावर बसल्या.

आणि हे सगळं चालू असताना अप्पा काय करत होते? दर महिन्याला हैदराबाद! मला संताप यायचा. बायको पाण्याला चाललीय आणि हा गडी चिनी खुर्च्या निवडत बसलाय!

तरी मी बरोबर जायचो. कारण अप्पांचा हुकूम: "तुमी चित्रकलेचे सर. तुमाला ड्रॅगन कळंल."

पण तिथं गेल्यावर माझा राग कुठल्या कुठं जायचा. जुन्या सामानाच्या अंधाऱ्या दुकानात हा आडत्या शिरला की वेगळाच व्हायचा. चप्पल बाहेर काढायचा. खुर्चीच्या हातावर तळवा ठेवून डोळे मिटायचा. पाठीच्या लाकडावर बोटाच्या पेरानं टकटक करायचा आणि कान लावायचा. "हे बगा सर, हाताचं टोक. इथं कुणीतरी जल्मभर मूठ ठेवलीय. हे पॉलिश न्हाई, हे माणूस हाय." मी बोट लावून बघितलं. काय मऊपणा होता तो! कुठल्या देशातलं लाकूड, कुणाचा हात, आणि आज त्याच्यावर माझं बोट. 

एकदा एक खुर्ची अशी निघाली की मी वेडाच झालो. पाठीवर शिंपल्याची नक्षी, हातांवर ड्रॅगन, त्यांचा खवला न् खवला कोरलेला. दुकानवाले बडे मियाँ म्हणाले, "अप्पा, ऐसी चीज फिर नै आती. सोचो नक्को." अप्पांनी ती पालथी घातली. खिळा नव्हता. मी म्हटलं, झालं, सुटलो. तेवढ्यात अप्पांनी कोटाच्या खिशातून परकराचा नाडा काढला. लाल, गाठ मारलेला! बैठकीपासून पुढच्या आडव्या दांडीपर्यंत तो लावला आणि मान हलवली.

"लांब पडतंय."

"काय लांब पडतंय?"

"काय न्हाई. चला."

बडे मियाँ नाड्याकडे बघत राहिले. मी लाजेनं रस्त्यावर येऊन उभा राहिलो.

इकडं लातुरात वेगळाच घोळ. नवा जिल्हा, नव्या कमिट्या, जो तो खुर्चीच्या मागं. त्यात बातमी फुटली, चन्नप्पा खुर्चीसाठी हैदराबादला चकरा मारायलेत. झालं! एका सकाळी आमच्या भागातले पुढारी दोन माणसं घेऊन अप्पांच्या ओसरीवर हजर. मी तिथंच चहा पीत होतो.

"अप्पा, तुमाला खुर्ची पाहिजे म्हणं?"

"हाव. पण एक न्हाई, दोन पाहिजेत."

पुढाऱ्यांचा कप बशीत वाजला. "दोन?"

"एक मला, एक घरच्यांना."

"म्हंजी वैनीलाबी उभं करनार?"

"उभं कामून? उभी ऱ्हाऊनच जल्म गेला तिचा. बसवायचंय तिला."

पुढाऱ्यांचा चेहरा एकदम खुलला. उमेदवाराला बसवायचं म्हणजे माघार, एवढंच त्यांना ठाऊक. अप्पांचे दोन्ही हात धरून ते म्हणाले, "वैनीला बसवा अप्पा, तुमचे उपकार न्हाई इसरणार!" आणि खुशीत निघून गेले. मी इतका हसलो की चहा नाकात गेला. अप्पा मात्र हसले नाहीत. "ह्यात हसण्यासारखं काय हाय?" एवढंच म्हणाले.

उन्हाळ्याच्या अखेरीला जोडी सापडली. दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्यांखाली. ना ड्रॅगन, ना शिंपले. हात पाठीतून एका वळणात पुढं आलेले, बस्स. मी म्हणालो, "फारच साध्या आहेत अप्पा." अप्पांनी एकेक पालथी घातली. सांध्यांतून बोट फिरवलं. मग नाडा काढला. गाठ बरोबर आडव्या दांडीवर आली. ती दांडी मधोमध झिजून खोलगट झाली होती. किती पाय तिथं टेकले असतील, किती घरांतले, किती बायकांचे, देव जाणे! आम्ही दोघंही बघत राहिलो. अप्पांनी खुर्चीला हात जोडले. "शिवा!"

"बसून तरी बघा," मी म्हटलं.

ते बसले. दांडी त्यांच्या पोटरीत रुतली. गुडघे वर आले.

"अप्पा, तुम्हाला अवघड होतेय ही."

"होऊ द्या."

खुर्च्या चादरीत गुंडाळून, एसटीच्या टपावर बांधून लातुरात आल्या. गल्ली गोळा झाली. एक म्हातारी हमालाला ओरडली, "हळू रं, चिनी मातीच्या हायत!" दुसऱ्याच दिवशी पुढाऱ्यांनी मला रस्त्यात गाठलं. नव्या जिल्ह्यात मोठे साहेब येणार होते, व्यासपीठावर भारी खुर्च्या पाहिजे होत्या. "तुमचं ऐकतेत अप्पा. तेवढ्या घेऊन या. साहेब पहिल्यांदा बसले म्हंजी खुर्चीचंबी नाव होईल."

साहेबांची बातमी माझ्याआधीच गल्लीभर झाली होती, तरी मी निरोप घेऊन गेलो. ओसरी रिकामी. आत डोकावलो आणि उंबऱ्यावरच थांबलो.

अक्का खुर्चीवर बसल्या होत्या. डोक्यावरून पदर, पाठ ताठ, दोन्ही हात त्या मऊ लाकडावर. आणि पाय? पाय त्या खोलगट दांडीवर नीट टेकलेले. अप्पा समोर जमिनीवर बसून त्यांच्या पायांकडे बघत होते. खरं सांगतो, मला त्या घरात चप्पल घालून उभं राहायची लाज वाटली.

मला बघून अक्का उठायला लागल्या. "बस," अप्पा म्हणाले, "सरच हायत."

अक्कांचा आवाज नेहमीचा नव्हता. "सर, लग्नात मला ह्यांच्या शेजारी खुर्चीवर बसवलं. पाय लोंबत होते माझे. ह्यांची आत्या म्हणली, नवरी हाय का पाळण्यातलं लेकरू? सगळा मांडव हसला. तवाच ठरवलं, खुर्चीवर म्हणून बसायचं न्हाई." मग म्हणाल्या, "हेबी हसले होते."

मी अप्पांकडे बघितलं. तो हलगीचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"हाव, हसलो होतो," ते म्हणाले. "तेवढा एक खिळा ऱ्हायला होता, सर, आमच्यात. ही झोपल्यावर नाडा लावून माप घेतलं. जागेपणी घेऊ दिलं नसतं."

अक्कांनी पदरानं नाक पुसलं. दांडीवरचे पाय थोडे हलवले, जोडवी लाकडावर वाजली. "खाली काय बसलाव? ती दुसरी काय साहेबासाठी ठेवलीय का? बसा."

अप्पा बसले. पोटरीला दांडी, गुडघे हनुवटीकडं, आणि तोंडावर असं सुख की मला तिथं थांबवेना.

गल्लीच्या तोंडाशी पुढारी वाट बघत होते. "काय सर? मिळत्यात का खुर्च्या?"

"नाही," मी म्हटलं. "दोन्ही जागा भरल्या."