सुनेची दोन टिंबं

नावाची पाटी दाराला लावायला कितीसा वेळ लागतो? फिटरसाहेबांनी ती चहा निवायच्या आत लावली, आणि तिथेच घोळ झाला.

हयात कारखान्यात गेलेला माणूस. आज त्यांची परदेशी सून पहिल्यांदाच घरी येणार होती. फोनवर ती काहीबाही गोड बोलायची, हे "हां, हां" करून फोन बायकोच्या हातात कोंबायचे, आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडायचे. शेवटी त्यांनी गुपचूप पितळी पाटी करून घेतली. मुलाने लिहून पाठवलं होतं तस्संच सुनेचं नाव, रोमन अक्षरांत. हे घर तुझंही आहे, हे तोंडाने जमत नाही तर निदान पाटीने सांगावं.

नावातल्या 'ओ'च्या डोक्यावर दोन टिंबं कोरलेली होती. फिटरच्या लेखी टिंबाचा अर्थ एकच, इथे भोक पाडा.

"खुणा केल्यात, त्याही दोन्ही एकाच जागी. काय एकेक कारागीर!" असं पुटपुटत त्यांनी ड्रिल चालवलं आणि हाताला लागले ते लांबलचक स्क्रू पिळून टाकले. मग आत येऊन दाराचा बोल्ट सरकवला. तो जरा जड गेला, म्हणून जोर लावला.

बेल वाजली तेव्हा बोल्ट जागचा हलेना. स्क्रूंची टोकं दारातून आत आली होती आणि बोल्ट त्यांच्यात रुतून बसला होता.

"सून दारात उभी आणि तुम्ही कड्या लावून बसलात!" बायकोने कपाळावर हात मारला.

"बाबा," बाहेरून मुलगा ओरडला, "तिच्या नावात स्क्रू कशाला घातलेत?"

आवाज ऐकून समोरच्या बाई बाहेर आल्या. त्या परक्या भाषांच्या शिकवण्या घ्यायच्या. पाटी पाहून त्यांना राहवेना. "फिटरसाहेब, ती अक्षराची टिंबं हो! एका भाषेत हे अक्षर वर्णमालेत अगदी शेवटी बसतं. दुसरीत ते शब्दकोशात साध्या 'ओ'बरोबरच सापडतं. आणि एका भाषेत ही टिंबं एवढंच सांगतात, की शेजारच्या स्वरात मिसळू नका, वेगळं म्हणा."

"बाई, अक्षर कुठंही बसू दे. माझी सून जिन्यात उभी आहे!"

जिन्यातल्या खिडकीच्या कठड्यावर विसरलेला स्क्रूड्रायव्हर सुनेनेच उचलला. पहिला स्क्रू निघाला. फिटरसाहेबांनी भोकाला डोळा लावला, तर पलीकडूनही एक हसरा डोळा आत बघत होता.

"नमस्कार, बाबा."

सासऱ्यांच्या तोंडून वर्षभर न फुटलेले शब्द आता फुटले. "ये, पोरी, ये! पण आधी दुसरा स्क्रू काढ."

दुसरा निघाला तशी पाटी तिच्या हातात आली आणि दार उघडलं. स्वतःचं नाव छातीशी धरूनच ती घरात शिरली. फिटरसाहेब ओशाळून लाकडात भरायची लांबी शोधायला धावले.

"आत्ता बुजवतो भोकं. चुकलंच माझं."

"नको, बाबा." सून एकेक शब्द जुळवत म्हणाली, "सगळे माझी टिंबं विसरतात. तुम्ही आरपार पाडली."

फिटरसाहेबांना डोळे कुठे लपवावेत कळेना.

"मग आता पाटी लावायची कशी?" बायकोने विचारलं.

"चिकटवू," ते म्हणाले, "भोकावर भोक जुळवून."