तात्यांचा पंप खाली येतो

शंकरतात्यांच्या घरी चहा प्यायचा तर आधी स्टुलावर चढावं लागतं. साखरेचा डबा छताला टेकलेल्या फळीवर. गॅसचा ओटा इतका उंच, की तात्या स्वतः पाटावर उभे राहून चहा करतात. फ्रीज लोखंडी टेबलावर, टीव्ही त्याच्याही वर. बातम्या बघायच्या म्हणजे मान विमान बघितल्यासारखी वर धरायची. देव सगळ्यात वर. उदबत्ती लावायला शिडी.

"तात्या, देवापर्यंत पोचायला घाम फुटतो की," मी एकदा म्हटलं.

"देव बुडला हुता गेल्या पुरात. आता न्हाई बुडायचा."

आमची गल्ली सांगलीत, कृष्णेच्या काठाला. महापुरानंतर सगळ्यांनी गाळ काढला, भिंतींना रंग दिला आणि विसरले. तात्या विसरले नाहीत. मिल्ट्रीत ट्रक चालवून हवालदार म्हणून रिटायर झालेला हा माणूस तसाही एका जागी बसत नाही. बोलतानासुद्धा चालतात. वाक्य अंगणात सुरू होतं, गल्लीच्या तोंडाला संपतं. ऐकणाऱ्यानं मागं पळायचं.

मी त्यांची शेजारीण. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. हे मी कुणी न विचारताही सांगते, कारण त्या डिग्रीसाठी माझ्या आईनं लोकांच्या उसात भांगलण केलेली आहे. तात्या मला नावानं हाक मारत नाहीत. "ए सायन्स!" म्हणतात.

तात्यांच्या घरात एकच गोष्ट जागेवर नव्हती, ती म्हणजे सुमनकाकी. पुरानंतर त्या लेकीकडं पाचगणीला गेल्या. लेक तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहात मेट्रन आहे. काकी गेल्या त्या गेल्याच. भांडण वगैरे काही नाही, रोज फोन. पण परत यायचं म्हटलं की एकच अट: "पाणी आल्यावर घिऊन निघंल अशी गाडी घाटानं वर आणून दावा. मग येते."

म्हणून जीप. हाडं जुन्या जीपची, काळीज एका ठोकलेल्या कारचं. इंजेक्शनचं इंजिन. असल्या इंजिनाला पेट्रोल नुसतं पोचून भागत नाही, दाबानं पोचावं लागतं. कारमध्ये त्यासाठीचा पंप टाकीच्या पोटातच असतो. जीपची टाकी पडली सीटखालची, चपटी. त्यात तो मावेना. म्हणजे पंप बाहेर बसवणं आलं. झालं, तात्यांची झोप गेली. गल्लीचीही गेली.

दिसेल त्याला एकच प्रश्न. समोरच्या घरात मुलगी बघायला पाहुणे आले, तर तात्यांनी नवरदेवालाच गाठलं. "गाडी हाय न्हवं तुमची? पंप आत का भायेर?" पोरगा बिचारा बापाकडं बघायला लागला. हुंड्याचा काही नवा प्रकार आहे की काय, असं त्याला वाटलं असणार.

पहिला पंप आणला तो कार्बुरेटरच्या जमान्यातला. स्वस्त. त्याला दाबच नव्हता. इंजिन दमेकऱ्यासारखं दोनदा खोकलं आणि गप्प झालं. दुसरा मागवला ऑनलाइन, शर्यतीच्या गाड्यांचा. तो लावल्यावर असा आवाज झाला, की मागच्या घरातली आजी दळणाचा डबा घेऊन आली. तिला वाटलं, गिरणी सुरू झाली. शिवाय तो इतकं पेट्रोल फेकायचा, की इंजिनाला नको असलेलं गरम होऊन परत टाकीत. फिरून फिरून टाकी तापायची.

"तात्या, पंप इंजिनाला बघून घ्यायचा. मोठा बघून नाही," मी म्हटलं.

"आमी बूटसुद्धा एक नंबर मोठाच घेतो गं, सायन्स."

तिसरा मात्र बेतात बसला. दाब पाहिजे तेवढाच, आवाज भुंग्याएवढा. मी म्हटलं, सुटलो. कसले सुटतोय! तात्यांनी तो बसवला कुठं, तर बॉनेटखाली, काचेला टेकून, जिथं जास्तीत जास्त उंच जागा मिळेल तिथं.

"तात्या, हा पंप ढकलणारा आहे, ओढणारा नाही. टाकीच्या जवळ, टाकीच्या खाली बसवा."

"खाली?" तात्या चालायचे थांबले. "पाणी वाढलं की नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी वर काढत्यात का खाली सोडत्यात? मोटार म्हणली की वर. तुझ्या कालिजात कृष्णा न्हवती, सायन्स."

तशीच गाडी घाटाला काढली. साक्षीदार म्हणून मला सोबत घेतलं. वाई सोडली, पसरणीचा घाट लागला, ऊन तापलेलं, टाकी अर्धी. एका वळणावर इंजिननं आचका दिला आणि गाडी उभी. पंप नुसता कोरडा ओरडत होता. भाजीच्या एका पिकअपनं आम्हाला उलटं वाईपर्यंत ओढत आणलं. पिकअपवाला हसून म्हणाला, "आजोबा, ही गाडी उतारालाच लय पळती बघा!"

तिथूनच तात्यांनी काकींना फोन लावला. मला पलीकडचं स्पष्ट ऐकू आलं.

"थांबली व्हय गाडी? मग पाणी थांबंल का?"

तात्यांनी फोन खिशात ठेवला आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले. बसले! मी त्यांना इतका वेळ एका जागी कधी बघितलं नव्हतं. माझाच जीव खालीवर व्हायला लागला.

"तात्या," मी शेवटी म्हटलं, "पावसाळ्यात मोटार वर काढता, बरोबर. आणि उन्हाळ्यात? नदी खाली गेल्यावर?"

"खाली न्यावी लागती. पाण्याजवळ. वरनं वडत न्हाई ती..."

वाक्य तिथंच संपलं. तात्या उठले आणि चालायला लागले.

सांगलीत आल्यावर पंप खाली आला, टाकीच्या बुडाशी. पण त्याआधी त्याची परीक्षा झाली. वायरींचे जोड तात्यांनी स्वतः बंदिस्त केले. मग अंगणात टब भरला, पंप पाण्यात बुडवला, दोन्ही नळ्या पेट्रोलच्या कॅनला लावल्या आणि सुरू केला. बाजूला स्वतः येरझाऱ्या. गल्लीत कुणी त्या बाजूला काडी ओढायची हिंमत केली नाही.

"काय चाललंय, तात्या?" येणारेजाणारे विचारायचे.

"पवायला शिकवतोय."

पंप पाण्याखाली गुणगुणत राहिला. तेव्हा कुठं त्याला गाडीखाली जायची परवानगी मिळाली.

यंदाचा पाऊस लागायच्या आधी आम्ही परत घाट चढलो. त्या वळणावर तात्यांनी श्वास धरला, मीही धरला. इंजिननं धरला नाही. थेट लेकीच्या दारात गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवला. काकी बाहेर आल्या. जीपभोवती एक फेरी मारली, आणि म्हणाल्या, "एकदा वर आली म्हंजे काय झालं? खाली जाऊन परत या."

तात्यांनी तिथंच गाडी वळवली आणि घाट उतरायला लागले. मी काकींसोबत पायरीवर बसले.

"काकी, पाण्याची एवढी भीती घेतलीत होय?"

"सगळ्यास्नी तसंच वाटतंय," काकी म्हणाल्या. त्यांचे कान घाटाकडं होते. "पाण्याचं काय घिऊन बसलीस? त्या दिवशी मला पाठीवर घातलं आन समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं. मला वाटलं, झालं. तर हे परत खाली उतरले. कशाला, तर माझ्या गोळ्यांची पिशवी ऱ्हायली. जिन्याची एकेक पायरी बुडत हुती, मी वरनं बघत हुते. हाका मारल्या, ओ न्हाई. लय वेळानं आले, पिशवी दातात धरून. वर हसत हुते गं!"

त्यांनी परत घाटाकडं कान लावले.

"गोळ्या वाचल्या. माझं काय झालं, ते कुणी इचारलं न्हाई."

तेवढ्यात खालून इंजिनाचा आवाज यायला लागला. एकसारखा, न अडखळता. काकी उठून आत गेल्या. जीप दारात येऊन थांबेपर्यंत त्या कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आल्या होत्या. पिशवी पायरीवर ठेवून पुढच्या सीटवर चढून बसल्या.

"आवं, एक सांगते. मी एकदा गाडीत बसले की तुमी उतरायचं न्हाई. कशासाठी बी."

"न्हाई," तात्या म्हणाले, आणि सवयीनं पिशवी उचलायला एक पाय बाहेर टाकला.

काकींनी नुसतं बघितलं.

तात्यांनी पाय आत घेतला. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले, समोर बघत बसून राहिले. पिशवी मी उचलली.