विचारल्याबिगर आउट नाय

आमच्या गडब गावच्या धर्माकाकांनी एकदा तिन्ही दांड्या आडव्या पडलेल्या बॅट्समनला आउट दिलं नव्हतं. तुम्ही हसाल. मी तेव्हा रडायचा बाकी होतो, कारण तो बॉल मी टाकला होता.

भात कापून शेतं मोकळी झाली की आमच्याकडे क्रिकेट सुरू होतं, आणि एरवी मिठागरात राबणारे धर्माकाका अंपायर होतात. आउट व्हायचे सगळे प्रकार त्यांना तोंडपाठ. बॅट्समनची टोपी स्टंपवर पडली तरी तो आउट, हे गावाला त्यांनीच शिकवलं. पण बोट वर जायचं ते कुणी 'हाउज दॅट' असं विचारलं तरच. "इचारल्याबिगर आउट नाय," हे त्यांचं पालुपद.

निडी गावच्या त्या बॅट्समनला ही खोड ठाऊक होती. दांड्या उडाल्या, आम्ही एकमेकांच्या अंगावर पडून नाचलो, आणि हा गडी जागेवर ढिम्म. काका शांतपणे डोंगराकडे बघत होते. आमचा नाच आटोपल्यावर त्यांनी स्वतः स्टंप पुन्हा रोवले आणि मला पुढचा बॉल टाकायला सांगितलं. पठ्ठ्याने सामना नेला. संध्याकाळी मी भांडायला घरी गेलो, तर म्हणाले, "नाचलात सगले. इचारलंत कोनी?" काकींनी मला चहा दिला आणि नवऱ्याकडे बघून कपाळावर हात मारला.

मी हट्टाने रोह्याला गेलो. तिथल्या एका खेळाच्या मास्तरांकडे नियमांचं पुस्तक होतं. काकांचंच बरोबर निघालं. तेव्हापासून मी या माणसाला वचकून असतो.

कारण विचारलंत, की मग सुटका नाही. माझ्या बहिणीचं नुकतंच लग्न झालं होतं. भावोजी हौसेने बॅटिंगला उतरले. बॉल जमिनीच्या भेगेत अडकला, तो त्यांनी सज्जनपणे हाताने काढून मला दिला. मी गंमत म्हणून ओरडलो, 'हाउज दॅट?' काकांचं बोट वर! परवानगीशिवाय बॉलला हात लावला म्हणून जावई शून्यावर आउट. मी हात जोडले, मस्करी केली म्हणालो. काका म्हणाले, "आता इचारलास. इचारलं का खरं तेच सांगाया लागतं." बहीण भाऊबीजेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

गेल्या वर्षी काकी पेणच्या इस्पितळात होत्या. पोटात गाठ. तपासण्या झाल्या, कागद आले, पण एवढा कायद्याचा माणूस डॉक्टरांना एक शब्द विचारीना. गावात सगळ्यांना नवल. शेवटी, आज आपणच विचारायचं, असं ठरवून मी गेलो.

डॉक्टर आले. त्यांनी फाइल पाहिली आणि आमच्याकडे बघत पलंगापाशी थांबले. काय सांगायचंय ते चेहऱ्यावर दिसतच होतं. मी तोंड उघडणार, इतक्यात काकांनी माझं मनगट धरलं. मिठाने खरबरीत झालेल्या त्या बोटांची पकड सुटेना.

"नको इचारू," ते हळूच म्हणाले.

डॉक्टर फाइल मिटून पुढच्या पलंगाकडे गेले. काका खिडकीबाहेर बघत होते. मग वाकून त्यांनी काकींची घसरलेली उशी नीट लावली, त्या दिवशी स्टंप रोवले होते तितक्याच शांतपणे.

आयुष्यभर मी या माणसासमोर घसा फोडून ओरडत आलो होतो. त्या दिवशी तोंड मिटून त्यांच्या शेजारी उभा राहिलो.