पप्पा उपाशी आहेत!

"म्हाताऱ्या माणसांना सांभाळणं अवघड वगैरे काही नसतं! शिस्त पाहिजे, बस्स!"

रविवारी चर्चमधल्या उपासनेत उभं राहून हे वाक्य नेमक्या कोणत्या आवाजात म्हणायचं, याची तालीम स्टोअरबाई शनिवारी दिवसभर करत होत्या. गळ पाळकसाहेबांनीच घातली होती. "मंडळीत पन्नाशीचे बरेच जण आहेत, घरी आईवडील थकलेत, सगळे मेटाकुटीला आलेत. तुम्ही दहा मिनिटं बोला, त्यांना धीर येईल." स्टोअरबाईंनी वरवरचासुद्धा नकार दिला नाही. कशाला देतील? यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्या तेवीस वर्षं स्टोअर सांभाळत होत्या. अकरा हजार प्रकारचे नट, बोल्ट आणि वायसर, आणि एकही चुकीच्या खणात नाही! तिथे एक वडील सांभाळायचे म्हणजे काय मोठंसं?

वडील म्हणजे पप्पा. वय चौऱ्याऐंशी, निवृत्त बसड्रायव्हर. कान गेलेले, आवाज मात्र अजूनही मागच्या सीटपर्यंत पोचणारा. पाच वर्षांपूर्वी मम्मी वारली, तेव्हापासून ते लेकीकडे होते. लेकीने त्यांची व्यवस्था अगदी स्टोअरसारखी लावून टाकली होती. गोळ्यांच्या डब्यांना चिठ्ठ्या, टॉवेलांना चिठ्ठ्या, भिंतीवर वेळापत्रक. साडेसहाला बिनसाखरेचा चहा. आठला नाश्ता. साडेआठला स्टोअरबाई कामावर. साडेबाराला टेबलावर झाकून ठेवलेलं जेवण पप्पांनी आपलं आपण घ्यायचं. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा, तो चारला घरी. आणि बिस्किटांच्या कपाटाला कुलूप! कारण मार्च महिन्यात पप्पांनी जॅमची अख्खी बाटली चमच्याने संपवून रिकामी बाटली बुटात लपवली होती. साखरेचा आजार असलेल्या माणसाने! बुटात!

रविवारी स्टोअरबाई झकास बोलल्या. सात मुद्दे, प्रत्येकाला दीड मिनिट. "मी पप्पांची गैरसोय म्हणून होऊ देत नाही," असं म्हणताना त्यांनी स्वतःच रुमाल काढला. पुढच्या बाकावर पप्पा कानातल्या यंत्राची बॅटरी वाचवायला ते बंद करून शांत बसले होते. पाळकसाहेब भारावले. म्हणाले, "पप्पा, तुम्हीही दोन शब्द बोला!"

पप्पांना एवढंच दिसलं, की पाळकसाहेब आपल्याकडे बघून हात पुढे करताहेत. त्यांना वाटलं, प्रार्थनेसाठी विनंत्या विचारताहेत. ते उठले, बाकाला धरून उभे राहिले आणि गजबजलेल्या बसथांब्यावर द्यावी तशी आरोळी दिली.

"प्रार्थना करा! सहा महिने झाले, मी उपाशी आहे!"

सगळं चर्च गार झालं.

"खाण्याच्या कपाटाला कुलूप आहे! मीठ नाही, साखर नाही! सकाळी मला घरात ठेवून बाहेरून दार ओढतात, ते चार वाजेपर्यंत कोणी येत नाही! प्रभू बघतोय! आमेन!"

"आमेन," मागच्या बाकावरून कोणीतरी सवयीने म्हणालं.

"हे खोटं आहे!" स्टोअरबाई ताडकन उठल्या.

मंडळीतली निवृत्त नर्स हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कपाटाला कुलूप आहे का?"

"आहे, पण..."

"दिवसभर एकटे असतात का?"

"दिवसभर नाही, चारपर्यंत! पण..."

"पण" च्या पुढचं ऐकायला कोणी थांबलंच नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यावर असे भाव आले, की जणू स्टोअरबाईंनी वडिलांना अकरा हजारांपैकी एखाद्या खणात ठेवून वर चिठ्ठी डकवलीय!

घरी आल्यावर त्यांनी पप्पांच्या कानातलं यंत्र सुरू केलं आणि विचारलं, "मी तुम्हाला उपाशी ठेवते?"

"कोण म्हणालं?" पप्पांनी विचारलं.

त्याच संध्याकाळी पाळकीणबाईंनी दिलासा समिती स्थापन केली आणि कोणी कोणत्या दिवशी पप्पांसाठी काय न्यायचं, याची यादी, वर 'लेकीने उपाशी ठेवलेल्या पप्पांसाठी' असं लिहून, सगळ्यांच्या फोनवर धाडली. त्यात स्टोअरबाईंचाही फोन होता. नवऱ्याने यादी चष्मा लावून वाचली.

"बघितलंत? बघितलंत काय लिहिलंय माझ्याबद्दल?" स्टोअरबाई कडाडल्या.

"बघितलं. 'दिलासा'मधला 'दि' दीर्घ काढलाय."

सोमवारी दुपारी स्टोअरबाई कारखान्यात बेअरिंगं मोजत असताना निवृत्त नर्स वजनकाटा काखोटीला मारून घरी पोचली. पप्पा काट्यावर उभे राहिले. ब्याऐंशी किलो! वर्षभरात दोन किलो वाढले होते. उपाशी माणूस ब्याऐंशी किलो भरतो का, असं निदान काट्याला तरी वाटायला हवं होतं! पण नर्सने पप्पांच्या गालाला बोट लावून पाहिलं आणि निदान केलं, "सूज आहे. अन्न न मिळाल्याची." आणि वाडगाभर कस्टर्ड भरवलं.

मंगळवारी शिंपीणबाई भाजलेले बटाटे आणि लोणी घेऊन आल्या. बुधवारी सुतार आला. त्याने काही आणलं नाही, फक्त कपाटाचं कुलूप कोयंड्यासकट उचकटून नेलं! जाताना चिठ्ठी ठेवली, "देव तुम्हाला मऊ हृदय देवो."

स्टोअरबाई पेटल्या. चाळीस मिनिटं बस, दिवसभर उभं राहून काम, घरी येऊन पप्पांचे पाय धुवायचे, नखं काढायची, रात्रीचं जेवण, औषधं, कपडे, दवाखाना, आणि हे सगळं कोणाला न सांगता! एवढं करून मऊ हृदय आता सुताराकडून मागायचं?

तेवढ्यात परदेशातल्या धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, हे मी काय ऐकतोय? तू पप्पांना कोंडून ठेवतेस?"

"तुला कोणी सांगितलं?"

"समितीने मलाही यादीत घेतलंय. माझा गुरुवार आहे."

"गुरुवार आहे? मग ये ना! तीन वर्षांत आला नाहीस, या गुरुवारी ये! पप्पांना अंघोळ घाल, मी दारात उभी राहून टाळ्या वाजवते!"

"तसं नाही गं, मी केक पाठवतोय."

आणि पाठवलान! दोन किलोंचा, वर साखरेची गुलाबं, मध्ये "पप्पा, खाऊन घ्या" असं लिहिलेला. कपाटाला कुलूप नाही, घरी कोणी नाही. चार वाजता नवरा आला, तेव्हा केकवर फक्त "घ्या" उरलं होतं.

शुक्रवारी सकाळी पप्पांना चक्कर आली. स्टोअरबाईंनी तेवीस वर्षांत पहिल्यांदा न कळवता रजा मारली. रिक्षात त्यांनी पप्पांचा हात इतका घट्ट धरला होता, की पप्पा म्हणाले, "बेबी, हात सोड, गिअर टाकायचाय." बेबी त्रेपन्न वर्षांची होती. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

बातमी समितीला लागायला कितीसा वेळ लागतो? डॉक्टरांनी पप्पांना तपासेपर्यंत दवाखान्याच्या बाकावर अख्खी समिती पाळकसाहेबांसह दाटीवाटीने बसली होती.

"साखर चारशेच्या जवळ!" डॉक्टर बाहेर येऊन गरजले. "थोडक्यात निभावलं! कोणी काय खायला घातलं यांना?"

नर्स पुटपुटली, "मी फक्त कस्टर्ड. तीनदा."

"मी लोणी. पण घरचं."

"मी काही दिलं नाही," सुतार म्हणाला. "मी फक्त कपाट उघडं केलं."

"इतके दिवस यांची साखर कशी आटोक्यात होती माहितीये? या बाईंमुळे! मी माझ्या दुसऱ्या पेशंटना यांच्या वेळापत्रकाचा फोटो दाखवतो!"

हाच तो क्षण! स्टोअरबाई उठल्या. पाच दिवस साठवलेलं सगळं त्यांनी एका दमात बाहेर काढलं. कुलूप, बूट, बाटली, मऊ हृदय, केक! आवाज चढत गेला, चेहरा लाल झाला, आणि मध्येच बोट वर केलेल्या अवस्थेत त्यांना बाकाचा आधार घ्यावा लागला.

डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. फुगा दाबला. आकडा बघितला. पुन्हा दाबला.

"एकशे नव्वद. तुमची गोळी घेतलीत का आज?"

"कोणती गोळी?"

"रक्तदाबाची. दोन वर्षांपूर्वी मीच लिहून दिली होती."

स्टोअरबाईंनी आठवून पाहिलं. घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती, त्यात त्यांच्या नावाचा डबा एकही नव्हता.

आतल्या खाटेवरून पप्पांनी आवाज दिला. कानातलं यंत्र आज चालू होतं. "तिला ओरडू नका कोणी! चांगली पोरगी आहे. चुकलं माझं, मी उपाशी नव्हतो."

"मग तसं का म्हणालात हो?" पाळकीणबाईंनी विचारलं.

पप्पा उशीला टेकून बसले. "ताटात असायचं सगळं. पण बारा माणसांच्या घरात वाढलो मी, नंतर जन्मभर साठ माणसं घेऊन हिंडलो. एकट्याने जेवताना घास तोंडातल्या तोंडात फिरतो. या आठवड्यात कोणी ना कोणी समोर बसायचं." मग हळूच म्हणाले, "केकही बरा होता."

स्टोअरबाई खाटेच्या कडेला बसल्या. रागावायला त्यांना आता जागा शोधावी लागत होती. "मी तरी कधी बसू, पप्पा? मला वेळ कुठे आहे?"

"तेच तर," पप्पा म्हणाले. "तूही उभ्यानेच जेवतेस."

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. पण त्यांनी उपदेश केला नाही, हे त्यांचे उपकारच. "चुकलं आमचं," ते म्हणाले. "तुम्हाला उभं करून आम्ही बाकीच्यांना धीर द्यायला लावलं. तुम्हाला कोणी विचारलंच नाही. आईवडिलांचा मान राखायला देवाने सांगितलंय, ते खरं. पण एकटीनेच राखा आणि कोणाला हात लावू देऊ नका, असं कुठे सांगितलंय त्याने?"

"मला मदतीची गरज नाही," स्टोअरबाई म्हणाल्या. दंडाला पट्टा अजून तसाच होता.

समितीने नवी यादी तिथेच, औषधाच्या कागदाच्या पाठीवर केली. खायला काहीही आणायचं नाही. रोज साडेबाराला एकाने येऊन आपला डबा पप्पांसमोर बसून खायचा. सुताराने कुलूप परत बसवायचं. भावाने गुरुवारी तासभर फोनवर पप्पांशी बोलायचं आणि पुढच्या महिन्यात पंधरा दिवस येऊन राहायचं. हा मुद्दा नर्सने त्याला फोन करून अशा आवाजात कळवला, की त्याने तिकीट काढूनच फोन ठेवला. शेवटी खाली एक ओळ होती. "शनिवार, दुपारी एक ते चार: स्टोअरबाईंनी झोपणे."

"हे खोडा!" स्टोअरबाई म्हणाल्या. कोणी खोडलं नाही.

शनिवारी एकच्या ठोक्याला नर्स आली, पप्पांसमोर बसली आणि स्टोअरबाईंना आतल्या खोलीचं दार दाखवलं. स्वतःच्या घरात! त्या तणतणत आत गेल्या. "मला दिवसा झोप लागत नाही! जन्मात लागली नाही! पडून दाखवते तुम्हाला, म्हणजे कळेल!" बाहेरून नर्सच्या आणि पप्पांच्या हसण्याचा आवाज येत होता. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

डोळे उघडले, तेव्हा खिडकीतलं ऊन पार पलीकडच्या इमारतीवर गेलं होतं. घड्याळात सहा वाजायला दहा मिनिटं. अंगावर कोणीतरी चादर घातली होती, पायात जोडे नव्हते. स्टोअरबाई धडपडत बाहेर आल्या. पप्पांची पाचची गोळी! चहा! कपडे! बाहेर नवरा पप्पांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होता, कपड्यांच्या घड्या झाल्या होत्या आणि गोळी पप्पांनी घेऊन टाकली होती.

"मला उठवलं का नाही कोणी?" त्या गरजल्या. "एवढं साधं कळत नाही?"

"उठवलं ना," नवरा पानावरून नजर न काढता म्हणाला. "तीनदा. दर वेळी म्हणालीस, 'मला झोप लागलेलीच नाही!'"