काचेवर उतरलेलं बोलणं

मुक्कामाच्या कॅम्परगाडीत रात्री जे बोललं जातं ते सकाळी ओल होऊन काचांवर उतरतं आणि त्या पुसलेलं फडकं पिळलं की जसंच्या तसं ऐकू येतं, म्हणून उपेंद्र रेगे चिखलदऱ्याच्या कॅम्पवर सगळ्यांच्या आधी उठत असे. बायको शलाका आणि थोरली बहीण कुमुदताई अजून झोपलेल्या असत. तो काचा पुसून कोरड्या करी, ओलं फडकं तांब्यात ठेवी आणि तांब्या पोटाशी धरून गाडीतून उतरे.

पिळायची जागा स्वच्छतागृहांच्या मागे होती. कॅम्पचा तसा नियमच होता आणि लोकही रीत पाळत. शेजारचा पिळत असेल तर आपण दात घासत दुसरीकडे बघायचं, फारच स्पष्ट ऐकू आलं तर खाकरायचं. बहुतेकांच्या फडक्यातून "सरक जरा", "पाणी दे गं" एवढंच निघे, कारण ते रात्री खिडकी बोटभर उघडी ठेवत आणि बोलणं हवेबरोबर बाहेर निघून जाई. दर्यापूरच्या एका कुटुंबाचं जावयावरचं भांडण असं रोज बाहेर जाई आणि अख्ख्या कॅम्पला ते पाठ झालं होतं. तोंडावर मात्र कोणी काही म्हणत नसे.

उपेंद्रला हा उघडेपणा मान्य नव्हता. घरातलं घरात राहावं, असं मानणाऱ्यांपैकी तो होता. खिडक्या घट्ट, छताची झडप घट्ट, शिवाय चहा आत, भात आत. त्या वाफेवर बोलणं चांगलं पोसलं जाई. ताईला कमी ऐकू येत असल्यामुळे तो बिनधास्त कुजबुजत असे. मग सकाळी फडक्यातून त्याचाच आवाज निघे, "हिला आणायलाच नको होतं. सारखी खोकते. परत एसटीत बसवून देऊ." मग शलाकाचा, "पुरे रे."

ते ऐकताना त्याचे कान लाल होत. आई गेल्यावर याच ताईनं त्याला वाढवलं होतं. आज रात्री एक अक्षर बोलायचं नाही, असं तो रोज सकाळी ठरवी, आणि रात्री ताई खोकली की बोलून मोकळा होई. तिला कळू नये, एवढीच त्याची धडपड होती. कळलं तर ती मुकाट्यानं पिशवी उचलेल आणि पुन्हा त्याच्या दारात यायची नाही, हे तो ओळखून होता.

एका सकाळी कॅम्पच्या मॅनेजर गुल्हाने बाई पिळायच्या जागी त्याची वाट बघत उभ्या होत्या.

"रेगेसाहेब, तुमच्या गाडीबद्दल तक्रार आहे."

"आमचा आवाज बाहेर येतो का?"

"येत नाही, हेच तर! लोक विचारून राहिले, यांचं असं काय आहे म्हणून. खिडकी काहून उघडत नाही तुम्ही?"

"मी काचा रोज पुसतो."

"काचा पुसून काय होते? ओल थंडीकडे जाते, साहेब. काचेवर दिसते ते उरलंसुरलं. तुमच्या गाडीत सगळ्यात थंड जागा कोणती?"

उपेंद्रनं वळून गाडीकडे पाहिलं. सगळ्यात थंड होता मागचा पत्र्याचा दरवाजा, आणि त्याला लागून ताईची गादी होती. ती जागा तिनंच पहिल्या दिवशी मागून घेतली होती. आपल्याला पुढची उबदार जागा मिळाली म्हणून त्याला तेव्हा बरंच वाटलं होतं.

तो परतला तेव्हा शलाका अंघोळीला गेली होती आणि ताई बाहेर बाकावर बसून केस विंचरत होती. त्यानं गादी ओढून काढली. खालून ती बुरशीनं काळी पडली होती आणि ओल्या गोधडीसारखी जड झाली होती. जमिनीवर टाकल्याबरोबर ती बोलायला लागली. हिला आणायलाच नको होतं. एसटीत बसवून देऊ. जन्मभर काय आपल्याच गळ्यात पडणार आहे का ही? हे शेवटचं आपण कधी बोललो ते त्याला आठवेना, पण आवाज त्याचाच होता. दर्यापूरची मंडळी खाकरली. मग सगळा कॅम्पच खाकरू लागला. गादी गप्प करायला उपेंद्र घाईघाईनं तिच्यावर बसला, त्यामुळे ती आणखीच पिळली गेली.

तेव्हा अगदी तळातून त्याच्या छातीची घरघर आली आणि तिच्या मागोमाग ताईचा आवाज. "श्वास घे, उपा. घाई नको. आत घे. आता सोड."

लहानपणी दम्याची उबळ आली की ताई त्याला छातीशी धरून बसे आणि हेच म्हणत राही. इथेही तो झोपेत घरघरला की ती तेच म्हणत आली होती.

ताई कंगवा घेऊन समोर आली. "ऊठ त्यावरून. ओल लागेल."

"तुला कधीपासून ऐकू येतंय?" तिच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावंच लागे, त्यामुळे हेही सगळ्यांनी ऐकलं.

"पहिल्या रात्रीपासून. कानाखालीच तर होतं."

"मग जागा का नाही बदललीस?"

"तुला दमा आहे. ओल तुझ्याकडे गेली असती."

त्याला मान वर करता येईना. एवढी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. "ताई, मला लाज वाटते," तो ओरडला.

"वाटू दे. गादी उलटी कर, त्या बाजूला ऊन लागू दे." मग तिनं बाकाखालून पिशवी काढली. ती भरलेलीच होती. "दुपारची एसटी आहे."

"नको जाऊस! तू राहावीस असं मला वाटतं."

"हे तू दिवसा सांगतोयस. दिवसाचं बोलणं कुठे उतरतं? उद्या सकाळी बघू."

त्या रात्री पत्र्याच्या दाराशी उपेंद्र निजला. खिडकी बंद ठेवली असती तर सकाळी फडकं पिळून ताईला पुरावा देता आला असता. पण तिला खोकला आला तशी, ओलीनं तो वाढू नये म्हणून, त्यानं खिडकी सरळ उघडली, आणि मग जे बोलायचं ते बोलला.

सकाळी काचा कोरड्या होत्या. ताईनं फडकं फिरवून बघितलं, दोन्ही हातांनी पिळलं. थेंब आला नाही. तिनं पिशवीचे बंद आवळले. उपेंद्र बाजूला उभा होता.

तेवढ्यात दर्यापूरच्या काकू कॅम्पची रीत मोडून सरळ त्यांच्या दाराशी आल्या आणि ताईच्या कानाशी वाकल्या.

"तुमचा भाऊ रात्री लय बोलून रायला होता, ताई. आमी समद्यांनी आयकलं. म्हणे, वंगाळ बोललो मी, तिले जाऊ देणार नाही. मंग रडला बी."

आजूबाजूच्या गाड्यांतून माना हलल्या. उपेंद्रला जमीन दुभंगावी असं वाटलं, पण तो हलला नाही.

ताईनं थोडा विचार केला. "छाती घरघरत होती का त्याची?"

"नाही जी."

"रात्रभर?"

"रातभर. साफ होता श्वास. खिडकी उघडीच होती ना."

ताईनं पिशवीचे बंद सोडले, आतून लोणच्याची बरणी काढली आणि काकूंना वाटी आणायला सांगितली.