विरोधी बाजूची खुर्ची

भांडण जमवून देणं ही एक कला आहे, आणि या कलेत माझा हात धरणारा आमच्या वृत्तवाहिनीत दुसरा कोणी नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. आमच्याकडे रोज दुपारी चर्चा असते. एका खुर्चीत ‘हो’ म्हणणारा आणि दुसऱ्या खुर्चीत ‘नाही’ म्हणणारा आणून बसवायचा, हे माझं काम. मध्ये निवेदिका असते, ती काडी टाकते. विषय खड्ड्यांचा असो की मांजरं पाळण्याचा, पाहुण्यांनी एकमेकांचे माइक ओढले नाहीत असा दिवस विरळाच!

त्या दिवशीचा विषय होता, ‘पृथ्वी खरंच तापतेय का?’ सकाळीच संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“तुझं कंत्राट या महिन्यात संपतंय ना?”

“हो सर.”

“आज मालक स्वतः चर्चा बघणार आहेत. भांडण रंगलं तर तू कायम. नाही रंगलं तर...” पुढचं वाक्य त्यांनी पाणी पिऊन पूर्ण केलं.

मी म्हटलं, निर्धास्त राहा. ‘हो’ म्हणायला हवामानाचा अभ्यास करणाऱ्या एक शास्त्रज्ञ बाई येणार होत्या. ‘नाही’ म्हणायला एक निवृत्त प्राध्यापक ठरले होते. तापमानवाढ हे थोतांड आहे, असं ते कित्येक वर्षं घसा फोडून सांगत होते. इतका भरवशाचा माणूस! चर्चेला तासभर उरला आणि त्यांच्या मुलाचा फोन आला.

“बाबांना नाही जमणार. त्यांना ऊन लागलंय.”

माझ्या पायांखालची जमीन सरकली. तासाभरात दुसरा ‘नाही’ आणायचा कुठून? ओळखीच्या सगळ्या विरोधकांना फोन लावले. जो तो म्हणाला, “अरे, बाहेर बघ जरा. या उकाड्यात कोणत्या तोंडानं बोलू?”

आणि मग मला सासरे आठवले. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आमचे सासरे आयुष्यभर ऑडिटमध्ये होते. दुसऱ्याच्या कामावर हरकत घ्यायचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्तीनंतर तेच काम ते आमच्या घरी फुकट करतात. मी आज गुरुवार म्हटलं तर ते कॅलेंडर मागवतात. लग्न झाल्यापासून माझ्या एकाही वाक्याला त्यांनी मान डोलावलेली नाही. परवाच जेवताना मी म्हणालो, उन्हाळा फार वाढलाय. लगेच उत्तर आलं, “काही वाढलेला नाही. तुमची सहनशक्ती कमी झालीय.”

मी बायकोला फोन केला.

“बाबांना? टीव्हीवर? तेही लाइव्ह?” ती म्हणाली. “शुद्धीवर आहेस ना तू?”

“तू फक्त पाठवून दे. बाकीचं मी बघतो.”

ते आले ते हरकती घेतच. चेहऱ्याला लावलेल्या पावडरवर हरकत, खुर्चीच्या उंचीवर हरकत, चहा गरम असण्यावर हरकत. मला तर भरून आलं. त्यांच्या कानात आमचं बोलणं ऐकू येणारा इअरफोन बसवताना मी म्हटलं, “बाबा, एकच करायचं. बाई जे म्हणतील त्याला विरोध करायचा.”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. ते तसे नेहमीच बघतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मी काचेपलीकडच्या खोलीत संपादकांशेजारी जाऊन उभा राहिलो. चर्चा सुरू झाली. समुद्र कसे तापताहेत, उन्हाळे कसे लांबताहेत, हे शास्त्रज्ञ बाईंनी सोप्या भाषेत समजावून सांगितलं. निवेदिका सासऱ्यांकडे वळली.

“पण तुम्हाला तर हे साफ नामंजूर आहे!”

“मंजूर आहे,” सासरे म्हणाले.

“म्हणजे... थोडंफार?”

“सगळंच. बाई प्रत्येक गोष्टीला पुरावा देताहेत. विरोध करा म्हणून जावयांनी पढवलं होतं मला. पण त्यांचं ऐकायला मी काही त्यांचा नोकर नाही.”

मी थिजलो! ‘मंजूर’ हा शब्द या माणसाला येतो हेच मला ठाऊक नव्हतं. संपादक माझ्याकडे बघतही नव्हते. ते माझ्या जागी कोणाला घ्यावं याचा विचार करत असावेत.

तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. चूक माझीच होती. विरोध करा म्हटलं, म्हणून त्यांनी विरोधालाच विरोध केला. मग उपाय सोपा होता. मी माइक ओढून त्यांच्या कानात म्हटलं, “बाबा, छान चाललंय. बाईंशी असेच सहमत राहा.”

“का म्हणून सहमत राहू?” सासरे कडाडले.

संपादक सावरून बसले. मी मनातल्या मनात उडीच मारली! पण सासरे बाईंकडे बघतच नव्हते. ते छताकडे बघून बोलत होते.

“मला शिकवणारे तुम्ही कोण? एसी अठरावर ठेवून वर दोन पांघरुणं घेता. कोपऱ्यावरून ब्रेड आणायला गाडी काढता.”

“मी? अहो, मी सायकल वापरते,” शास्त्रज्ञ बाई दचकून म्हणाल्या.

“तुम्ही नाही हो. आमचे जावईबापू. कानात बोलताहेत.”

“असं होय. मग बरोबर आहे तुमचं. अशाच लोकांमुळे तर हे सगळं होतंय.”

झालं! दोघांचं जुळलं आणि दोघं मिळून माझी पंख्यांपासून गीझरपर्यंत झडती घेऊ लागले. सगळा देश बघत होता.

“हा जावई म्हणजे तूच ना?” संपादकांनी विचारलं. “जा. तिथे बस आणि ‘नाही’ म्हण.”

“पण सर, मला तर बाईंचंच पटतं.”

“मालक बघताहेत.”

मी गेलो. डोळ्यांवर दिवे आले, समोर कॅमेरा आला आणि माझं तोंड आपोआप सुरू झालं. पृथ्वीबिथ्वी काही तापत नाही, मी म्हणालो. हल्ली घरोघरी थर्मामीटर झालेत, म्हणून ताप जास्त सापडतो. बर्फ वितळतोय? उत्तम, पाणीटंचाई मिटेल! माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना. बाईंनी कपाळावर हात मारला. सासऱ्यांनी उठून माझा माइक ओढला. संपादकांनी काचेपलीकडून अंगठा दाखवला. मी कायम झालो.

संध्याकाळी घरी गेलो तर बायको दारातच उभी.

“थर्मामीटर वाढले म्हणून ताप वाढला? माझ्या ऑफिसात सगळ्यांनी बघितलं. तोंड कुठे लपवू मी?”

मला खरोखरच लाज वाटत होती. मी खाली मान घालून आत शिरलो. सासरे सोफ्यावर बसले होते. उरलेली खरडपट्टी काढतील म्हणून मी जीव मुठीत धरला.

“हिचं मनावर घेऊ नका,” ते म्हणाले. “ही म्हणते तुम्ही चुकलात. शेजारी म्हणतात तुम्ही चुकलात. टॅक्सीवालासुद्धा तेच म्हणाला. एवढे सगळे एकमतानं बोलायला लागले की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. मी नीट विचार केला. ते थर्मामीटरचं तुमचं बरोबर आहे.”

आणि त्यांनी माझी पाठ थोपटली! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! मला रडावं की पळावं कळेना.

“बाबा,” मी कसाबसा म्हणालो, “अहो, ते सगळं खोटं होतं. नोकरीसाठी बोललो मी.”

“गप्प बसा,” सासरे म्हणाले. “तुम्हाला काय कळतंय त्यातलं?”