स्वीकारण्यासाठी एक दाबा

आमच्या कारखान्यात काही बिघडलं की आधी भांडण व्हायचं आणि मग दुरुस्ती. पंप थांबला की फिटर म्हणायचे वीज गेली, वायरमन म्हणायचे बेअरिंग गेलं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग बनवणारा हा कारखाना, आणि मी तिथल्या देखभाल विभागात. हे भांडण मी कायमचं मिटवतो, असं मी मॅनेजर खंडेराव साहेबांना छातीठोकपणे सांगून टाकलं.

योजना साधी होती. यंत्र बंद पडलं की संगणकाला कळणार, काम कुणाचं ते तोच ठरवणार आणि ड्युटीवरच्या माणसाला आपोआप फोन जाणार. ‘स्वीकारण्यासाठी एक दाबा.’ त्यानं एक दाबलं की माझ्या पडद्यावर हिरवी खूण. चाचण्या घेतल्या तेव्हा वायरमन दादूची खूण इतक्या झटपट यायची की माझा ऊर भरून आला. कुंभवलीच्या चहावाल्यालासुद्धा मी हे सगळं समजावलं. त्यानं विचारलं नव्हतं.

मग एका दुपारी थंड पाण्याचा पंप खरोखरच बंद पडला. आत निळ्या रंगाची बॅच शिजत होती. पाणी थांबलं की ती तापते आणि नासते. पण दादूची हिरवी खूण लगेच आली! खंडेराव साहेब धावत आले, तर मी त्यांना खुर्ची दिली. म्हटलं, दादू निघालाय.

तापमान चढत होतं. साहेबांनी विचारलं, दादू निघाला तो कुठून? मी म्हटलं, हत्यारं घेत असेल. मी उठलो, बसलो, रुमालानं पडदा पुसला, पुन्हा उठलो. हिरवी खूण जागची हलेना आणि दादूही दिसेना. तेवढ्यात लॅबमधल्या नर्मदाबाई दारात आल्या. रंग वांग्यावर चाललाय म्हणाल्या.

शेवटी मी त्या नंबरवर फोन लावला. मागे घासाघीस चालली होती आणि पुढे एका बाईचा खणखणीत आवाज.

“दादू कोन? मी जमना. बोईसरच्या बाजारात बोंबील विकते.”

दादूनं जुना नंबर कधीच सोडला होता आणि तो आता हिच्याकडे होता. आत्ता फोन आला होता का, असं मी घाबरत विचारलं.

“आलता ना. एक दाब बोलली, मी दाबला. रोजच दाबते. नाय दाबला तर ती गप बसत नाय.”

मी पळालो. दादू कँटीनमध्ये जेवत होता. भाकरीचा तुकडा तोंडात धरूनच तो आला, ट्रिप झालेलं बटण वर केलं आणि पंप घरघरला. बॅच थोडक्यात वाचली. निळा निळाच राहिला, जरासा वांग्याकडे झुकलेला. खंडेराव साहेब एवढंच म्हणाले की नीट करा, नाहीतर बंद करा. मी तिथेच, पंपाच्या घरघरीत, दादूनं ओरडून सांगितलेला नवा नंबर टिपून घेतला आणि जमनाबाईंचा काढून टाकला.

पुढच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. “भाऊ, हल्ली तुमचा फोन येत नाय. मशीन बरा हाय ना?”

मला भरून आलं. आता त्रास होणार नाही, फोन थेट योग्य माणसाला जातो, असं मी अभिमानानं सांगितलं. त्या बरं म्हणाल्या, पण आवाज थोडा पडलेला वाटला.

मी फोन ठेवला. दादू समोरच चहा पीत होता.

“निमेशभाऊ,” तो म्हणाला, “योग्य माणूस म्हंजे मीच ना? मला तर एकपन फोन आला नाय.”

मी पडद्याकडे वळलो. थंड पाण्याचा पंप मघाशीच बंद पडला होता. सूचना गेली होती. दादूच्या नावापुढे टपोरी हिरवी खूण होती.

कुणीतरी एक दाबलं होतं.